रंगापुरती मॅनेजर

१

डॅरल खाली पडला तेव्हा सगळं जिम आनंदाने ओरडत होतं. माझ्या शेजारची एक आजी तर खुर्चीवर उभी राहून आसावरीच्या नावाने शिव्या देत होती. मी आपली हाताची घडी घालून बसले होते. खोटी कुस्ती, खोटं पडणं, त्यात काय टाळ्या वाजवायच्या?

मग रेफरीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. लोकांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, कारण आसावरीने एकदा जेवताना सांगितलं होतं, "वीणाताई, रेफरीने फुली केली ना, की समजायचं, नाटक संपलं. खरंच लागलंय."

मी वीणा बोबडे. मूळची नागपूरची, आता न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेची. आडनाव बोबडे असलं तरी जीभ बोबडी नाही, हे आमच्या मंडळात कुणालाही विचारा. विमा कंपनीत खोटे क्लेम पकडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आसावरी माझ्या बेसमेंटमध्ये राहते. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि शनिवारी नऊवारीवर लेदर जॅकेट चढवून 'मॅडम सरकार' होते, म्हणजे वीर नावाच्या रेसलरची मॅनेजर.

हे मॅनेजर प्रकरण मला आधी कळतच नव्हतं. वाटायचं, शोभेची बाहुली असणार. तर तसं नाही. वीर अंगाने पहाड, पण माइक हातात दिला की दातखीळ बसते. त्याच्या वतीने बोलायचं आसावरीने. लोकांना चिडवायचं तिने, रेफरीचं लक्ष उडवायचं तिने, लबाडी करायची तिने, आणि मग अख्ख्या जिमचा राग अंगावर घ्यायचाही तिनेच. तिच्यामुळे लोक वीरवर चिडतात आणि चिडतात म्हणून तिकीट काढतात.

त्या दुपारी शाळेच्या जिममध्ये नेहमीसारखंच सुरू झालं. लाल दिवे लागले. वीर कपाळाला काळा पट्टा बांधून आला, मागून आसावरी. तिने कमरेचा पितळी करंडा उघडला, वीरला टिळा लावला आणि करंडा पुन्हा कमरेला खोचला. करंड्यात गुलाल असतो. शेवटी वीरशी लढणारा डॅरल कोपऱ्यातल्या खांबावर चढला की वीरने रेफरीला बोलण्यात गुंतवायचं आणि आसावरीने मूठभर गुलाल डॅरलच्या तोंडावर फेकायचा. डॅरलने डोळे मिटायचे, मग 'आंधळा झालो' म्हणत चोळायचे आणि अलगद दोरावर पडायचं. असं ठरलेलं, कितीदा तरी केलेलं.

आज त्याने डोळे चोळले, आणि जी किंकाळी आली ती नाटकातली नव्हती. तोल गेला, तो दोरावर न पडता बाहेर, थेट जमिनीवर आपटला.

त्याला स्ट्रेचरवर नेलं तेव्हा मी रिंगपाशी गेले. गादीवर सांडलेली पूड बोटावर घेतली. गुलाल गुलाबी असतो. ही जरा विटकरीकडे झुकलेली होती. वास घेतला आणि सटासट शिंका आल्या. नागपूरच्या बाईला हा वास ओळखायला लागतो किती वेळ? गुलालात तिखट कालवलेलं होतं.

मी जिभेच्या टोकाला जरासं लावून पाहिलं. एक गोष्ट लक्षात आली, ती मात्र कुणाला सांगितली नाही.

मागे वळले तर पोलीस ऑफिसर आसावरीला म्हणत होती, "मॅडम, ती मूठ तुमचीच होती ना?"

२

आसावरीला लॉकर रूमशेजारच्या कोचच्या खोलीत बसवलं होतं. तिचा उजवा हात अजून गुलाबी. तो ती मांडीपासून लांब धरून बसली होती.

"वीणाताई, डॅरलला दोन लहान मुली आहेत. स्कूलबस चालवतो तो. डोळे गेले तर?" 

"आधी हे सांग, करंडा भरला कुणी?"

"उर्वीने. सकाळी इथेच, लॉकर रूममध्ये. मग तो बाकावर पडून होता. सगळेच ये-जा करत होते."

"आणि तू हातात घेतलास कधी?"

"एन्ट्रीच्या वेळी. तेव्हापासून माझ्या कमरेला. कुणी हातही लावला नाही."

"रंग बदललाय, हे दिसलं नाही तुला?"

"लाल दिव्यात काय दिसणार? आणि मॅडम सरकार खाली बघत नाही, ताई. ती लोकांकडे बघते."

दारात फ्रँक येऊन उभा राहिला. शोचा मालक. टक्कल घामाने डबडबलेलं. फ्रँक अर्थातच इंग्रजीत बोलला, मी माझ्या भाषेत सांगते.

"आसावरी, ऑफिसर हे अ‍ॅसॉल्ट म्हणून, म्हणजे मुद्दाम केलेला हल्ला म्हणून, लिहून घेणार आहे. चूक झाली म्हण, माफी माग आणि निघून जा. अ‍ॅक्सिडेंट म्हणून मिटेल."

"आणि मग मला कोण उभं करेल?" आसावरी ताडकन उठली. "अनसेफ म्हणतील मला!"

तिचं खरं होतं. या धंद्यात खोटारडेपणा चालतो, उद्धटपणा चालतो, पण सोबतच्याला खरोखर इजा करणारा चालत नाही. माणूस आपलं शरीर दुसऱ्याच्या हातात देतो. एकदा 'अनसेफ' हा शिक्का बसला की कुठल्याही जिमचं दार उघडत नाही. आणि आज तर प्रेक्षकांत एका मोठ्या रेसलिंग कंपनीचा माणूस नवे चेहरे हेरायला बसला होता. इतकी वर्षं शाळांच्या जिममधून फिरून तिची हीच एक संधी होती.

मी फ्रँकला कोपऱ्यात घेतलं. "तुला ही नकोशी झालीय का रे? खरं सांग. खोटं पकडून माझे केस पिकलेत."

तो चिडला. "बाई, एकेकाळी मीच म्हणायचो की लेडी मॅनेजर शोमध्ये जरा रंग भरायला असते. ही आली आणि माझं जिम भरायला लागलं. मी तिला घालवीन? आणि तेही आज?" मग त्याने आवाज खाली आणला. "तो कंपनीवाला सकाळी मागच्या दारापाशी मला काय म्हणाला, ठाऊक आहे? त्यांना वीर नकोय. तसे पैलवान त्यांच्याकडे पुष्कळ पडलेत. त्यांना फक्त आसावरी हवीय."

"हे तिला माहीत आहे?"

"शो झाल्यावर सांगणार होतो. कुणालाच सांगितलेलं नाही."

"तेव्हा जवळपास कोण होतं?"

"कोणी नाही. गाड्यांतून सामान उतरवत होते लोक, आपापल्या गडबडीत."

मी यावर विचार करतेय तोवर ऑफिसर आत आली. म्हणाली, "तपासात आणखी काही नको आता. त्या तरुणाने सांगितलं ते पुरेसं आहे."

"कुठल्या तरुणाने?"

"वीरने. एन्ट्रीला त्याच करंड्यातला टिळा त्याला लावला होता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो. तिखट आधीच असतं तर त्याचेही डोळे जळाले असते. त्याचे डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे तिखट एन्ट्रीनंतर मिसळलं. आणि एन्ट्रीनंतर करंडा फक्त हिच्याकडे होता."

 मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण मुद्दा बिनतोड होता.

३

बिनतोड मुद्दा ऐकला की मी आणखी संशयी होते. आमच्या ऑफिसात तर म्हणतातच, वीणाला पावती दिली की ती कागदाचा वास घेते.

बाहेर टी-शर्टच्या टेबलापाशी उर्वी उभी होती. पुण्याची पोरगी, इथे युनिव्हर्सिटीत शिकते, फ्रँककडे कुस्तीचं ट्रेनिंग घेते. रडून रडून डोळे सुजलेले. उजव्या गालावर गुलाबी पट्टा ओढलेला.

"मावशी, सगळे माझ्याकडेच बघतायत. करंडा मी भरला ना!"

"आणि सकाळी आसावरीशी भांडलीसही. जिमभर आवाज गेला म्हणे."

तिने मान खाली घातली. "मी म्हणाले, एक दिवस तुमची जागा मी घेणार. मला मॅनेजर व्हायचंय, मावशी. ताई म्हणतात, आधी कुस्ती शीक, पडायला शीक, मग बोलायला ये. चिडले मी. पण म्हणून मी डॅरलचे डोळे..." आणि पुन्हा रडू.

"रडू नको गं. गालाला काय लावलंयस?"

"गुलाल. करंडा भरताना त्यातलाच चिमूटभर घेतला. मॅडम सरकारसारखा लुक म्हणून."

मी तिची हनुवटी धरून गाल उजेडात वळवला. रंग शुद्ध गुलाबी. कातडीवर लालसर चट्टा नाही, काही नाही. अश्रू त्यावरून ओघळून गेले होते आणि पोरगी आग होतेय म्हणत नव्हती. म्हणजे उर्वीने भरला तेव्हा करंड्यात निव्वळ गुलाल होता. तिखट त्यानंतर पडलं.

पण एन्ट्रीच्या आधी की नंतर? सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

टेबलावर वीरची पोस्टर्स रचून ठेवली होती. उघडं कपाळ, भला मोठा टिळा, घामाने तो नाकावरून ओघळून पार ओठापर्यंत आलेला. भयंकर दिसत होता.

"हा फोटो का निवडला?"

"हाच तर फेमस आहे, मावशी! टिळा ओघळतो ना, रक्तासारखा दिसतो. पोरं टिळा ओघळायची वाट बघतात. ताईंचीच आयडिया."

मी पोस्टर हातात घेतलं. पुन्हा पाहिलं. आणि स्वतःलाच म्हणाले, बोबडे बाई, काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"उर्वी, वीर कपाळाला पट्टा कधीपासून बांधतो?"

"पट्टा? आजच बांधला. मला पण आवडला नाही. टिळा ओघळलाच नाही त्यामुळे. लोक पण म्हणत होते."

४

वीर लॉकर रूममध्ये एकटा बसला होता. बर्फाची पिशवी खांद्यावर. न्यू जर्सीतच जन्मलेला मुलगा, आईवडील दोघेही डोंबिवलीचे. मी मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो, या सगळ्या पोरांसारखा.

"हाय आँटी. हाऊज आसावरीताई?"

"रडतेय. कशी असणार?"

"आय फील सो बॅड, यार." त्याचा चेहरा खरंच पडलेला होता. "शी मेड अ मिस्टेक, आय गेस. मेबी सम अदर डबा गॉट मिक्स्ड."

"सकाळी तू कुठे होतास?"

"गेटिंग बॅग्ज आउट ऑफ द कार. बाय द बॅक डोर."

"मागच्या दारापाशी?"

"येस. व्हाय?"

"काही नाही." मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. स्वच्छ, कोरडं. "तुझा पट्टा कुठाय रे? छान दिसत होता."

हात आपसूक कपाळाकडे गेला आणि मधेच थांबला. "हेडबँड? आय डोंट नो. मस्ट हॅव फॉलन समव्हेअर."

त्याची बॅग बाकाखाली होती. तो बोलता बोलता पायाने ती आणखी आत ढकलत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

 बॅगेला हात लावायचा अधिकार मला नव्हता, आणि पट्ट्यावर तिखट सापडलं तरी तो म्हणणार, "सो व्हॉट? हाऊ वुड आय नो?" मला त्याच्या तोंडून हवं होतं. तेवढ्यात जिममधून फ्रँकचा आवाज ऐकू आला. ऑफिसर आसावरीला स्टेशनवर न्यायला निघाली होती.

"चल वीर," मी म्हणाले, "ताईला निरोप तरी दे."

५

कोचच्या खोलीत आम्ही पाचजण. ऑफिसर दाराशी, फ्रँक फोन हातात घेऊन, आसावरी उभी, समोर वीर, आणि मी.

आता एक गोष्ट सांगते. खोटं पकडायला कधीकधी चमचाभर खोटं घालावं लागतं. मी वीरच्या अगदी समोर गेले आणि मुद्दाम मराठीत म्हणाले, "वीर, हॉस्पिटलमधून कळलंय. गुलालात लवंगी मिरची होती. जहाल! डॅरलचे दोन्ही डोळे जाणार."

आसावरीने तोंडावर डावा हात ठेवला. वीर पांढराफटक पडला.

"नाही!" तो ओरडला. एरवी शब्द न् शब्द इंग्रजीत बोलणारा पोरगा आईचं वाक्य आईच्याच भाषेत बोलला. "लवंगी नाही! ते तिखट नसतंच मावशी, आई म्हणते ना, ते रंगापुरतं असतं! काश्मिरी—"

आणि थांबला.

 मी गादीवरची पूड जिभेला लावली तेव्हा हेच कळलं होतं. जिभेला नुसती चुणचुण, आणि बोट मात्र लालभडक. काश्मिरी मिरची. आपल्या प्रत्येक घरात आई सांगते, घाबरू नको, हे रंगापुरतं आहे. आणि इथे वाढलेली पोरं ते खरं मानतात. भाजीत घालायची असते तोवर खरंही आहे. पण डोळ्याला कुठली मिरची सौम्य असते रे बाबा?

"मी कुणाला काश्मिरी म्हणाले नव्हते," मी म्हणाले. "कालवणाऱ्यालाच ते ठाऊक. एन्ट्रीच्या आधी, बाकावरच्या करंड्यात तू ते घातलंस. टिळा तुलाही लागणार होता, म्हणून आज पहिल्यांदा पट्टा बांधलास. ज्या ओघळणाऱ्या टिळ्यावर तुझी पोस्टर्स विकली जातात, तो तू आपण होऊन झाकलास. टिळा कपाळाला लागलाच नाही, कापडाला लागला. म्हणून तुझे डोळे ठणठणीत. सकाळी मागच्या दारापाशी कंपनीवाल्याचं बोलणं ऐकलंस, होय ना?"

"दे डोंट वॉन्ट मी." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. मग तो आसावरीकडे वळला आणि मोडक्या मराठीत बोलायला लागला. "ताई, मी रिंगमध्ये मार खातो, मी उड्या मारतो, आणि त्यांना तू पाहिजे? मॅनेजर पाहिजे? मला वाटलं, डॅरलला थोडं झोंबेल, तो कम्प्लेन करेल, ते म्हणतील तू केअरलेस आहेस. दॅट्स ऑल. आय स्वेअर."

"रंगापुरती," आसावरी हळूच म्हणाली. "तुलाही मी तशीच वाटले का रे?"

त्याच क्षणी फ्रँकचा फोन वाजला. ऐकताना त्याचे खांदे सैल पडले. डॅरलच्या बायकोचा फोन होता. डोळे धुतले, आग आहे, सूज आहे, पण दृष्टी शाबूत राहणार. खांद्याजवळचं हाड मात्र मोडलं होतं. आसावरीने भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटून घेतले. माझ्याही जिवात जीव आला. मघाचं माझं खोटं मला किती जड झालं होतं, ते तेव्हा कळलं.

ऑफिसरने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मराठीतलं तिला ओ की ठो कळलं नव्हतं. फ्रँकलाही नाही. "तो आत्ता काय म्हणाला?" तिने विचारलं.

वीर पटकन आसावरीजवळ सरकला. "ताई, प्लीज. डॅरल ठीक आहे ना? मग नको सांगू. अ‍ॅक्सिडेंट म्हण. त्यांना कुठे मराठी कळतं? माझ्यासाठी एवढी वर्षं तूच सगळं अंगावर घेतलंस ना? वन लास्ट टाइम."

माझी जीभ शिवशिवत होती.  पण इजा तिच्या हातून करवली होती, नाव तिचं जाणार होतं, तिनेच ठरवायचं होतं.

आसावरी त्याच्यापासून एक पाऊल मागे सरली. डोळे भरून आले होते, आवाज मात्र अजिबात कापला नाही.

"रिंगमध्ये तुझ्यासाठी शिव्या खाल्ल्या, वीर. आनंदाने खाल्ल्या. पुढेही खाल्ल्या असत्या. मोठ्या कंपनीत एकटी गेलेच नसते मी, तुला घेऊन गेले असते. विचारायचं तरी मला!" ती थांबली. "पण डॅरल माझ्यासमोर डोळे मिटून उभा होता. माझ्या भरवशावर. तू माझ्या हाताने त्याला फसवलंस."

"ताई..."

"गप्प बस. एरवीही तू गप्पच असतोस."

मग ती ऑफिसरकडे वळली, पदर नीट केला आणि इंग्रजीत म्हणाली, "तो काय म्हणाला ते मी सांगते. मी त्याची मॅनेजर आहे. त्याच्या वतीने बोलायचं काम माझंच आहे."

आणि तिने सांगितलं. त्याचं वाक्य न् वाक्य, काश्मिरी म्हणजे काय, रंगापुरतं म्हणजे काय, पट्टा कुठे असेल, सगळं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. वीर खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून ऐकत होता.

ऑफिसरने लिहून घेताना त्याचं पूर्ण नाव विचारलं. वीरच्या तोंडून शब्द फुटेना. आसावरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक अक्षर सावकाश उच्चारत त्याच्या नावाचं स्पेलिंग सांगितलं.